बाजू खरी, तरी केस का हरली? रंगो बापूजींकडून शिकायचे तीन धडे



ठाण्याच्या बाजारपेठेत रंगो बापूजी गुप्ते यांच्या नावाचा चौक आहे. तुम्ही तिथून शंभर वेळा गेला असाल. पण हा माणूस एका कंपनीशी १४ वर्षं भांडला, हे किती जणांना माहीत आहे? मोठ्या पार्टीकडे पेमेंट अडकलंय, अशा प्रत्येकाने ही केस स्टडी वाचावी.

केस काय होती?

१८१९ साली ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी तह केला. पुढे त्यांच्यावर कटाचा आरोप ठेवला. गुन्हा कबूल करा, गादी राहील, असं सांगितलं. महाराजांनी नकार दिला. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं.

दाद मागायला महाराजांचे वकील म्हणून रंगो बापूजी लंडनला गेले. तेव्हा 'वकील' म्हणजे कोर्टात उभा राहणारा नव्हे, तर दुसऱ्याच्या दरबारात आपल्या धन्याची बाजू मांडणारा राजदूत. रंगो बापूजींना मात्र दोन्ही कामं करावी लागली, आणि तीही एका व्यापारी कंपनीसमोर. त्यांनी अर्ज केले, पत्रकं छापली, भागधारकांच्या सभेपर्यंत विषय नेला. जोसेफ ह्यूमसारखे खासदारही बाजूने बोलले. फॉलोअप म्हणाल तर यापेक्षा जास्त काय करणार?

तरीही निकाल लागला नाही. १८४७ मध्ये महाराज काशीलाच वारले. १८४८ मध्ये कंपनीने सातारा खालसा केलं. रंगो बापूजी कर्जात बुडाले आणि १८५३ मध्ये त्यांना परत फिरावं लागलं. १८५७ च्या उठावात साताऱ्यात त्यांच्या मुलाला फाशी झाली, आणि ते स्वतः भूमिगत झाले ते कायमचेच.

धडा १: न्याय कोण करणार, हे आधी बघा

ज्या कंपनीविरुद्ध तक्रार, तिच्याच दारात अर्ज. पार्लमेंट वर होतं, पण त्याने हात घातला नाही. तुमच्या पर्चेस ऑर्डरच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय? 'वाद झाल्यास आमचा निर्णय अंतिम' असं असेल, तर सही करण्याआधी बोला. माल गेल्यावर बोलून उपयोग नाही.

धडा २: लढाई आपल्या गावात आणा

रंगो बापूजींना लंडनला जावं लागलं. तुम्हाला जावं लागत नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट ठरलेल्या तारखेला, आणि काहीही ठरलेलं असलं तरी ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. खरेदीदार देशात कुठलाही असो, तक्रार तुमचा धंदा जिथे आहे तिथल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे करता येते. निकालाला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

वागळे इस्टेटमधला जॉबवर्कवाला असो की डोंबिवली एमआयडीसीतलं छोटं युनिट, उद्यम नोंदणी आजच करा. निव्वळ ट्रेडिंग असेल तर मात्र हे संरक्षण मिळत नाही. त्यांनी उधारीची मर्यादा आणखी कडक ठेवावी.

धडा ३: किती दिवस टिकू शकता, ते आकड्यात लिहा

रंगो बापूजी स्वामीनिष्ठेपायी थांबले नाहीत. त्यांच्यासाठी तो धर्म होता. तुमच्यासाठी तो धंदा आहे, आणि घरचा हप्ता त्यावर चालतो. एका पार्टीचं पेमेंट किती महिने आलं नाही तरी पगार आणि भाडं निघेल? त्या आकड्यापुढे त्या पार्टीला नवा माल द्यायचा नाही. वसुली चालू ठेवा, पण दुसरं गिऱ्हाईक शोधायला लागा.

आजचा गृहपाठ

वही घ्या आणि सर्वांत मोठ्या तीन गिऱ्हाइकांची नावं लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: लेखी अट आहे का, बाकी किती दिवसांची, आणि एकूण विक्रीत त्याचा वाटा किती. एकाच नावापुढे अर्ध्याहून जास्त विक्री दिसली, तर या आठवड्यात पहिलं काम तेच.

खरी बाजू असणं गरजेचं आहेच. पण सोबत कागद, जागा आणि पैसा लागतो. भेटू पुढच्या व्हिडिओत!