हौदातले पाणी किती दिवस पुरेल?

अकोल्याच्या जठारपेठेतले एक घर डोळ्यांपुढे आणा. अंगणात सिमेंटचा हौद आहे. नळ रोज येत नाही. आला की हौद भरायचा आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचा. "किती दिवस जाईल हे पाणी?" असे विचारले, तर उत्तर मिळते, "पुरन तवर पुरन!" पण हौद कोरडा पडल्यावर काटकसर कशाची करणार? अंदाज आधीच बांधला पाहिजे. त्याला वजाबाकी आणि भागाकार पुरे.

मोजा आणि लिहा

वेळूच्या सरळ काठीवर सेंटिमीटरच्या खुणा करा. काठी स्वच्छ असावी. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी ती तळापर्यंत उभी धरा. कोठवर भिजली ते वहीत लिहा. समजा, असे आकडे आले:

सोमवार : १२०
मंगळवार : १०५
बुधवार : ९१
गुरुवार : ७५

पाणी एके दिवशी १५ उतरले, मग १४, मग १६. एकाच दिवसावर भिस्त ठेवू नये. त्या दिवशी धुणे जास्त निघाले असेल. म्हणून तीन दिवसांचे मिळून पाहा. १२० वजा ७५, म्हणजे ४५. त्याला ३ ने भागले, की रोजचे १५.

आता तळाचे १५ सेंटिमीटर पाणी गाळाचे म्हणून सोडा. वापरायचे उरले ६०. ६० भागिले १५, म्हणजे ४ दिवस. सोमवारी संध्याकाळी पाणी संपणार.

इतक्यात कळले, की सोमवारची पाळी मंगळवारी संध्याकाळवर गेली. आता ६० सेंटिमीटर पाणी ५ दिवस पुरवायचे. ६० भागिले ५, म्हणजे रोज १२. पंधराऐवजी बारा! म्हणजे पाच बादल्यांमागे एक बादली वाचवायची. गुरुवारी कळले म्हणून हे जमते. सोमवारी कळले असते, तर शेजाऱ्यांकडे हंडा घेऊन जावे लागले असते.

अंदाज कधी चुकतो?

वापर आजच्यासारखाच राहिला, तरच हा हिशेब खरा. घरी पाहुणे आले, की पाणी लवकर उतरते. म्हणून रोज मोजावे आणि अंदाज रोज सुधारावा.

हौद गळतो का, तेही काठी सांगते. रात्री निजताना मोजा. पहाटे कोणी पाणी घेण्याआधी पुन्हा मोजा. कोणी तांब्याभरही घेतले नाही आणि पाणी तरी उतरले, तर हौदाला चीर असेल किंवा एखादी तोटी गळत असेल.

काठीच्या जागी यंत्र

आता हे मोजायला यंत्र मिळते. त्याला सेन्सर म्हणतात. एका जातीचा सेन्सर हौदाच्या झाकणाला आतून बसवतात. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो. आवाज पाण्यावर आपटून परत येतो. हवेत आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. परत यायला लागलेल्या वेळावरून पाणी किती खाली आहे ते यंत्र काढते. ते तासातासाला आकडा टिपते. पण पुढचा हिशेब तोच, आपल्या वहीतला.

धरणाचा हिशेब

अकोल्याला पाणी येते ते काटेपूर्णा नदीवरच्या धरणातून. हे धरण बार्शीटाकळी तालुक्यात महान गावाजवळ आहे. त्याचा उपयुक्त साठा भरल्यावर सुमारे ८६ दशलक्ष घनमीटर होतो. एक दशलक्ष घनमीटर म्हणजे शंभर कोटी लिटर.

हौदाच्या भिंती सरळ असतात. म्हणून प्रत्येक सेंटिमीटरला पाणी सारखेच. धरण मात्र वर पसरट आणि खाली अरुंद असते. वरच्या एका हातात पाणी खूप, तळाच्या एका हातात थोडे. म्हणून धरणात नुसती उंची पाहून भागत नाही; साठा किती घटला ते पाहावे लागते. शिवाय उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते. वऱ्हाडचे ऊनही आपला वाटा घेते!

सराव

१. हौदात ९५ सेंटिमीटर पाणी आहे. तळाचे १५ सोडायचे. रोज १६ उतरते. पाणी किती दिवस पुरेल?
२. तेच पाणी ८ दिवस पुरवायचे आहे. रोज किती सेंटिमीटर वापरावे?
३. आपल्या घरचे पाणी चार दिवस मोजा आणि वहीत लिहा.