विरजण मागायला जाणारी आजी

माझी आजी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. पाऊस तिथं कायमच पाहुण्यासारखा. तिच्याकडून जे शिकले, ते आठवेल तसं लिहिते आहे.

१. द्यायचं असेल तर मागायला जावं.
कुणाकडे चूल पेटली नाही असं कानावर आलं, की आजी चरवीभर दूध घेऊन निघायची. दारातूनच म्हणायची, "बया, माझं विरजण बिघडलंय. तुझ्यातलं लाव ह्याला." चरवी तिथंच ठेवायची. सकाळी जाऊन वाटीभर दही आणायची, बाकीचं त्या घरच्या पोरांना. आमच्या घरी दही बिघडलेलं मी एकदाही पाहिलं नाही. हे कोडं मला उलगडलं ते लग्नानंतर, स्वतःच्या घरात विरजण लावताना.

२. मैत्री कामावर होते.
१९७२ च्या दुष्काळात आजी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली. दोन लेकरं पदराशी, घरी खायला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, कामावर सुकडी. मजुरी मापावर, म्हणजे जेवढा ढीग तेवढे पैसे. शेजारी बसणारी बाई पोटुशी होती. त्याआधी दोघी एका पाणवठ्यावरही कधी आल्या नव्हत्या. गावाची रीतच तशी होती. माप घेणारा यायच्या आधी आजी आपल्या ढिगातली चार पाट्या खडी तिच्याकडे लोटायची आणि म्हणायची, "माझ्याकडं जागा न्हाई गं, ठेव तुझ्यात." त्या बाईला सगळं कळत होतं. ती काही बोलली नाही, पण तिनं आयुष्यभर आजीची साथ सोडली नाही. आजीच्या बाळंतपणात, आजोबांच्या आजारपणात पहिली हाक तिलाच जायची. रोजगार हमीचा कायदा झाला १९७७ मध्ये. त्याला जन्म दिला तो अशाच बायांच्या घामानं, असं मी मानते.

३. मानाची जागा आपण ठरवावी.
त्या मैत्रिणीचा नवरा गेला. पुढच्या संक्रांतीला आजीनं तिला हळदी-कुंकवाला बोलावलं आणि वाण पहिलं तिच्या ओटीत घातलं. दोघी-तिघी उठून गेल्या. आजीनं त्यांना अडवलं नाही, आणि पुढच्या वर्षीही पहिलं वाण तिलाच दिलं. तिसऱ्या वर्षी उठलेल्यांपैकी एक परत आली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२ मध्ये केला. ती बातमी ऐकायला आजी नव्हती. मी पेपर हातात धरून बराच वेळ बसून राहिले.

४. दिलेलं बोलून दाखवू नये.
हा धडा मला चूक करून मिळाला. तिसरीत असताना वर्गातल्या मुलीला सगळ्यांसमोर म्हणाले, "हा झगा माझा होता." ती रडत घरी गेली. आजी मला रागावली नाही. संध्याकाळी माझा हात धरून त्या मुलीच्या घरी नेलं आणि तिच्या आईला म्हणाली, "हिला पाढे येत न्हाईत. तुझ्या लेकीला शिकवायला सांग." महिनाभर मी त्या मुलीपुढं बसून पाढे म्हटले. एकोणतीसचा पाढा मला आजही तिच्या आवाजात आठवतो.

५. हिशेब पाठ ठेवावा.
आजीला अक्षरओळख नव्हती. तरी वीस बायकांची भिशी तिनं तोंडी सांभाळली. कुणाचा हप्ता चुकला हे तिला ठाऊक असायचं, दुसऱ्या कुणाला नाही.

बाहत्तरच्या कामावर खडी फोडलेल्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या पुढं आहेत. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर तिच्याजवळ बसा आणि विचारा, कामावर शेजारी कोण बसायचं. ते नाव लिहून ठेवा.