बाइकवरचं 'रेडियम'

आपण ज्याला सर्रास 'रेडियम' म्हणतो, त्या पट्टीत रेडियम औषधालाही नसतं! क्युरी दांपत्याने १८९८ साली शोधलेलं रेडियम किरणोत्सर्गी आहे; ही पट्टी निव्वळ परावर्तक. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म प्रिझम असतात. क्रोमवर तिरका पडलेला प्रकाश भलतीकडेच जातो; पट्टी मात्र तो आला तिकडेच परत पाठवते. मी हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये करून पाहिलं. टॉर्च डोळ्याजवळ धरला तर पट्टी पेटल्यासारखी दिसते. टॉर्च घेऊन मित्र दहा पावलं बाजूला गेला की विझते.

लावायची कुठे? मागे लाल. दोन्ही रिम्सवर बारीक पट्टी, कारण चौकात आडवी गाडी बाजूनेच दिसते. काळ्या बाइकला काळी रिफ्लेक्टिव्ह टेप: दिवसा स्टाइल, रात्री पांढरी चमक. आधी जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा. नंबरप्लेट आणि टेललॅम्पच्या काचेवर मात्र नको.

ताशी ६० किलोमीटरला ट्रक सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापतो. आपण त्याला एक सेकंद आधी दिसलो तरी खूप झालं. पण पट्टी स्वतः उजेड देत नाही. म्हणून मित्रांनो, उडालेला टेललॅम्पचा बल्ब आधी बदला, शायनिंग नंतर!