बांधाची राखण

संकट आले म्हणजे माणसे एकत्र येतात, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु संकटापूर्वी ज्यांना एकत्र काम करण्याची सवय नाही, ती माणसे ऐन घटकेला एकत्र येऊन तरी काय करणार? या प्रश्नाचे उत्तर आपल्या गोव्यातील खाजण जमिनींनी शेकडो वर्षे दिले आहे.

मांडवी आणि जुवारी या नद्यांतून समुद्राची भरती कितीतरी आतवर येते. तीरावरच्या सखल जमिनी भरतीच्या पातळीहून खाली आहेत. चिखल, पेंढा, बांबू आणि जांभा दगड यांचे बांध घालून आपल्या पूर्वजांनी त्या खाऱ्या पाण्यापासून सोडविल्या. पण नुसता बांध पुरत नाही. आत साचलेले पावसाचे पाणी बाहेर जावयास हवे. त्यासाठी बांधात ‘मानस’ बसविलेले असते. मानस म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने दारे मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात. दिवसातून दोन वेळा हे काम आपोआप चालते. पावसाळ्यात गोड्या पाण्याने मातीतले मीठ धुऊन निघते आणि थोडाफार खारटपणा सोसणारे ‘कोरगूट’ भात तेथे पिकते. मानसापाशी जाळे लावून मासळी मिळते, तर काही ठिकाणी उन्हाळ्यात मीठही पिकवितात. एका बांधावर असे तीन व्यवसाय उभे असतात.

या बांधाचा शत्रू मात्र अगदी क्षुल्लक दिसतो. खेकडा बांधात बीळ करतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचे पाणी त्या बिळातून शिरते, बीळ रुंदावते आणि एखाद्या रात्री बांध फुटतो. खारे पाणी एकदा शेतात पसरले की ती जमीन पुन्हा गोडी होण्यास काही पावसाळे जावे लागतात. ‘माझे शेत बांधापासून दूर आहे’ असे म्हणण्याची तेथे कोणालाच सोय नसते.

म्हणूनच ही राखण एकट्यादुकट्याची नव्हती. ती गावकरीची होती. पोर्तुगीज 1510 साली गोव्यात आले, त्यापूर्वीपासून ही ग्रामसंस्था नांदत होती. 1526 साली अफोंसो मेशिया याने तिच्या चालीरीती सनदेत नोंदविल्या. पुढे तिला कोमुनिदाद हे नाव पडले. गावची जमीन सामाईक असे. ती लिलावाने कसावयास देत. त्या उत्पन्नातून बांधबंदिस्तीचा व गावचा खर्च आधी भागवावयाचा आणि उरेल ते गावकारांनी वाटून घ्यावयाचे, असा शिरस्ता होता. माझी आजी सांगत असे की रात्री “बांद फुटलो!” अशी हाक आली की घराघरांतून माणूस कुदळ व टोपली घेऊन निघे. कोणी कोठे उभे राहावयाचे, हे त्या वेळी कोणास विचारावे लागत नसे.

ही व्यवस्था निर्दोष होती, असे मात्र समजू नका. तिच्यातील हक्क जन्माने ठरत. स्त्रियांना तिच्यात स्थान नव्हते आणि डोक्यावरून चिखल वाहणाऱ्या मजुराला वाटा मिळत नसे. 1964 च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, ते न्याय्यच झाले. बांधाची जबाबदारी कुळांच्या मंडळांकडे आली. परंतु अनेक गावी ती नीट पार पडली नाही. तरुण नोकरीकडे वळले, शेते पडीक राहिली. काही ठिकाणी भातापेक्षा मासळीचे उत्पन्न अधिक, म्हणून मानसाची दारे मुद्दाम उघडी ठेवून खारे पाणी आत घेतले गेले. ज्याला नफा झाला त्याचे शेत बुडाले नाही आणि ज्याचे शेत बुडाले त्याला नफ्यातला पैसाही मिळाला नाही. जेथे बांध फुटून तसाच राहिला, तेथे आता कांदळवन उभे आहे.

यातून काय शिकावे? लाभ आणि भार एकाच खांद्यावर असावेत. बऱ्या दिवसांतले उत्पन्न वाटून घेण्याआधी दुरुस्तीचा पैसा बाजूला काढावा. आणि बीळ लहान आहे तोवरच बुजवावे. वाड्यावरचे किराणा दुकान असो, मच्छीमारांची सहकारी संस्था असो वा स्त्रियांचा बचत गट असो, वाईट दिवसांत तोच तगतो ज्याने हे तीन नियम चांगल्या दिवसांत पाळलेले असतात. हाक आल्यावर धावणे हा पराक्रम खरा. परंतु हाक येऊच नये म्हणून रोज बांधावरून एक फेरी मारणे, हे त्याहून मोठे काम आहे.

या सुटीत घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर जवळच्या मानसाकडे जा. भरती कधी, ओहोटी कधी, हे आधी विचारून घ्या आणि दारे कशी मिटतात व उघडतात ते स्वतः पाहा. परतताना बांधावर नजर ठेवा. एखादे बीळ दिसले, तर घरी येऊन ते सांगावयास विसरू नका.