‘एचो’ म्हणजे केलेलें

स्पॅनिश भाषेंतील ‘आसेर’ ह्या क्रियापदाचा अर्थ ‘करणें’. त्याचें भूतकालवाचक धातुसाधित नियमानें ‘आसीदो’ व्हावें; परंतु तें ‘एचो’ असें होतें. ह्याचें मूळ लॅटिन ‘फाक्तुम्’ ह्या शब्दांत आहे. आरंभींचा ‘फ’ काळाच्या ओघांत लुप्त झाला व ‘क्त’चा ‘च’ झाला. लॅटिन ‘नोक्तेम्’पासून ‘नोचे’, म्हणजे रात्र, हा शब्द झाला, त्यांतही ‘क्त’चा ‘च’च दिसतो.

‘एचो’ विशेषणाप्रमाणें योजिला असतां आपल्या ‘केलेला, केलेली’प्रमाणें लिंगवचनानुसार बदलतो. ‘पान एचो एन कासा’ म्हणजे घरीं केलेला पाव. ‘मेसास एचास आ मानो’ म्हणजे हातानें केलेलीं मेजें. येथवर मराठी विद्यार्थ्याची वाट सोपी आहे.

पुढें मात्र जपून चालावें. आपण ‘मीं अभ्यास केला आहे’, पण ‘मीं चूक केली आहे’ असें म्हणतों. कर्म बदलतांच क्रियापद बदलतें. स्पॅनिशांत ‘आबेर’ ह्या साहाय्यक क्रियापदाबरोबर ‘एचो’ मुळींच बदलत नाहीं. ‘तारेआ’, म्हणजे गृहपाठ, हा शब्द स्त्रीलिंगी. तरी ‘मीं गृहपाठ केला आहे’ हें ‘ए एचो ला तारेआ’ असेंच म्हणावें. तेथें ‘एचा’ अशुद्ध होय. उलट ‘ला तारेआ एस्ता एचा’, गृहपाठ झालेला आहे, येथें ‘एचा’च हवें.

परभाषा शिकतांना आपण साम्याचा आधार घ्यावा, परंतु तो कोठें सुटतो हेंही ओळखावें. ‘कामा’, म्हणजे बिछाना, हा स्त्रीलिंगी शब्द घेऊन विद्यार्थ्यांनीं हीं दोन्ही वाक्यें रचून पाहावीं.