मुळी काढली, वृक्ष राखला

या महिन्याच्या पाठासाठी अजानवृक्षाची कथा घेतली आहे. ती सर्वांच्या ऐकण्यातली आहे. पण ऐकून मुरलेल्या गोष्टीकडे आपण पुन्हा निरखून पाहत नाही, म्हणून मुद्दाम तीच निवडली.

शके १२१८, म्हणजे सन १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशीस माउलींनी आळंदीस समाधी घेतली. पुढे सुमारे तीनशे वर्षे लोटली. पैठणास नाथमहाराजांचा कंठ दुखू लागला, औषधाने राहीना. तेव्हा स्वप्नात माउलींनी सांगितले, की अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठास लागली आहे, ती येऊन दूर कर. नाथ आळंदीस आले, मुळी काढली, आणि शके १५०६ (सन १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत त्यांनी सिद्ध केली. कीर्तनात या कथेचा अर्थ असा लावतात, की मुळी म्हणजे ग्रंथाच्या कंठी पडलेले अपपाठ, ते नाथांनी सोडविले. हा अर्थ उत्तमच आहे.

पण अक्षरार्थही पाहावा. नाथांनी मुळी काढली, वृक्ष तोडला नाही. कंठास पीडा देणारे झाड समूळ उपटा, असे माउलींनी सांगितले नाही आणि नाथांच्याही मनात ते आले नाही. जिथे बाधा होती तेवढेच हलक्या हाताने सोडविले. आजही आळंदीस अजानवृक्षाच्या छायेत ज्ञानेश्वरीचे पारायण चालते.

आता हा अजानवृक्ष आहे तरी कोणता? काहींची समजूत अशी, की हे झाड फक्त आळंदीतच आहे. तसे नाही. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव एहरेशिया लेव्हिस. आपल्याकडे त्याला दातरंग असेही म्हणतात. भारतातल्या कोरड्या पानझडी रानांत तो आपोआप येतो. उन्हाळ्याच्या तोंडाला बारीक पांढरी फुले येतात, मागाहून वाटाण्याएवढी फळे धरतात, ती पाखरे खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. पुष्कळ गावांच्या माळावर तो उभा असेल, पण कोणी ओळखत नाही आणि सरपणाला जातो. ज्याचे पान आळंदीत आपण मस्तकी लावतो त्याचाच भाऊ घरच्या बांधावर कुऱ्हाडीखाली जातो, ही गोष्ट मनाला लागली पाहिजे.

म्हणून गावोगाव देशी झाडे राखणारी जी लहान लहान मंडळे निघाली आहेत, त्यांचे पहिले काम ओळख करून देणे हे असते. पाठशाळेत अमरकोशाचा वनौषधिवर्ग मुखोद्गत करून घेतात. त्यात उंबराला 'जंतुफल' असे एक नाव आहे. नाव पाठ होते, पण उंबर फोडून आत कोण आहे हे पाहिल्याशिवाय त्या नावातले मर्म कळत नाही. उंबर, वड, पिंपळ, नांदुर्की या जातीची फुले फळाच्या आत झाकलेली असतात. एक बारीक माशी छिद्रातून आत शिरते तेव्हा परागीकरण होते, आणि बहुतेक जातींना आपापली वेगळी माशी असते. माशी गेली तर बी नाही, झाड गेले तर माशी नाही. अमरसिंहाने एका शब्दात केवढे ठेवले आहे पाहा. अशी मंडळे रविवारी मुलांना रानात नेतात आणि आपटा कोणता, कांचन कोणता हे दाखवितात. दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या ओरबाडून विकायला येतात हे आपण सर्व जाणतोच.

दुसरे काम मला फार आवडते, कारण ते थेट नाथांच्या कामासारखे आहे. देवळाच्या शिखरावर, घाटाच्या दगडांत, वाड्यांच्या भिंतींत वड-पिंपळाची रोपे उगवतात. पाखराच्या विष्ठेतून बी पडते, पावसाळ्यात रुजते, आणि पुढे मुळ्या चिरे उकलतात. विश्वस्त मंडळी त्यावर तेजाब ओततात किंवा कापून टाकतात. पिंपळ कापायला मन धजत नाही म्हणून काही जण तसेच राहू देतात आणि शिखर फुटते. या मंडळांची रीत निराळी. भर पावसात, चुना ओला असताना, रोप लहान असतानाच मुळ्या हळूहळू मोकळ्या करायच्या, निम्मी पाने खुडायची, माती-शेणखत भरलेल्या पिशवीत लावून सावलीत ठेवायचे, आणि एक वर्षाने जमिनीत मोकळ्या जागी लावायचे. मंदिरही राखले, वृक्षही राखला. माणसाने शिखरावर मात्र दोर बांधल्याखेरीज चढू नये.

आता पूर्वपक्ष. कोणी म्हणेल, महाराज, गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंतांनी अश्वत्थ तोडायलाच सांगितला आहे! एका गावी हा प्रश्न खरोखरच आला, आणि विचारणाऱ्याच्या दारातला पिंपळ त्याला नको होता. त्याला एवढेच उत्तर, की तो अश्वत्थ वर मूळ आणि खाली शाखा असलेला संसारवृक्ष आहे, त्याला असंगाचे शस्त्र लागते. तुमच्या दारातल्याला करवत लावून वैराग्य येणार नाही.

दुसरा पूर्वपक्ष अधिक वजनाचा आहे. झाडे तर सरकारही लावते, मग देशी-परदेशी हा भेद कशाला? महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी वृक्षलागवडीचे संकल्प झाले. संख्या मोठी आहे. पण लागवडीचा आकडा म्हणजे जगलेल्यांचा आकडा नव्हे, आणि काय लावले हाही प्रश्न उरतोच. लवकर वाढते म्हणून डोंगरांवर गिरिपुष्प लावले. हे मध्य अमेरिकेतले झाड, खेड्यात त्याला उंदीरमारी म्हणतात. सुबाभूळही तिकडचीच, तिच्या शेंगांतून इतके बी पडते की थोड्याच वर्षांत गर्दी होऊन दुसरे रोप वर येत नाही. निलगिरी ऑस्ट्रेलियाची. पाहुण्याचा द्वेष करा असे मी म्हणत नाही. पांडुरंगाच्या गळ्यातला झेंडू मेक्सिकोकडचा, आणि वाटेवरची चिंचही मूळची आफ्रिकेतली आहे. पण पाहुण्याने घरच्यांनाच बाहेर काढले तर बोलावे लागते. वडाच्या एका झाडावर जितकी पाखरे, खारी, वटवाघळे पोट भरतात, तितकी निलगिरीच्या रांगेवर भरत नाहीत.

आणि 'देशी' म्हणजे सर्वत्र एकच असेही नाही. दिवेघाट चढून सासवड, पुढे लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर या वाटेने जाताना पाऊस कमी कमी होत जातो. तिथे कोकणातली झाडे आणून लावणे म्हणजे त्यांना उपाशी ठेवणे होय. कडुनिंब, हिवर, बाभूळ, बोर, पळस, आपटा, वड ही त्या मातीची. पंढरपूर येथे ८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाच्या कामाची पायाभरणी झाली. रस्ता रुंद होताना जुन्या सावल्या गेल्या, हे पायी चालणाऱ्याच्या डोक्याला कळते. त्या जागी सावलीचेच झाड यावे, शोभेचे नव्हे, असा आग्रह दिंड्यांनी धरला पाहिजे. मालकाला बोलता येत नाही असे कोण म्हणतो? वाटेची सावली वारकऱ्याचीच आहे.

दिंडीत चालताना बी फेकीत जाण्याची आता प्रथा पडते आहे. भाव चांगला, पण रस्त्याच्या कडेला फेकलेले बी शेळीच्या तोंडी किंवा रोलरखाली जाते. त्यापेक्षा असे करावे. आषाढी वारीच्या सुमारास जांभळे पिकलेली असतात. जांभळाचे बी वाळले की लवकरच निकामी होते, साठवून चालत नाही. म्हणून खाल्लेल्या जांभळांच्या बिया ओल्या फडक्यात ठेवून मुक्कामाच्या गावी, विहिरीजवळच्या घरी द्याव्यात. करंजाचे बी उन्हाळ्यात गोळा करून ठेवता येते. वडाला बी लागतच नाही म्हटले तरी चालेल. हाताच्या मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंचीची फांदी पहिल्या दमदार पावसात दीड-दोन हात खोल पुरावी, फुटते. अजानाच्या पिकलेल्या फळाचा गर धुऊन बी ताजेच पेरावे.

रोप लावणारे पुष्कळ मिळतात, तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी घालणारा मिळत नाही. म्हणून नेम असा करावा, की प्रत्येक दिंडीने मुक्कामाच्या गावी एकच झाड धरावे, गावातला एक माणूस त्याला नेमावा, आणि पुढच्या वर्षी पोचल्यावर आधी ते पाहावे, मग बिछाना टाकावा. जगले नसेल तर त्याच खड्ड्यात दुसरे. पाराला सिमेंट आणि फरशी खोडापर्यंत घालू नये. चारी बाजूंनी निदान दोन हात माती उघडी ठेवावी, नाहीतर पाणी मुळाशी पोचत नाही. आणि दिंडीची पाटी खिळ्याने झाडाला ठोकू नये, सुतळीने बांधावी व निघताना सोडून घ्यावी.