अनवधान : हत्तीच्या दृष्टांताच्या निमित्ताने

केशिराजबासांनी सिद्ध केलेल्या दृष्टांतपाठातील हत्ती आणि जात्यंध यांचा दृष्टांत पंथातील लहानथोरांना ठाऊक आहे. ज्याच्या हाती पाय आला त्याने हत्ती खांबासारखा म्हटला; कान चाचपणाऱ्याने सुपासारखा, सोंड धरणाऱ्याने मुसळासारखा, शेपटी धरणाऱ्याने खराट्यासारखा. दार्ष्टांतिकात त्याचा अर्थही स्पष्ट आहे : एकेका शक्तीचे ज्ञान झालेले पुरुष त्या एकेकीसच परमेश्वर समजतात, परमेश्वराचे समग्र ज्ञान ज्यास झाले तो मात्र हे अवघे एकेक अवयव होत असे जाणतो. देवता आणि परमेश्वर यांचा भेद समजण्यास हा दृष्टांत फार उपयोगी पडतो आणि निरूपणात तो बहुधा येथेच संपविला जातो.

परंतु दृष्टांताचा एक भाग सहसा विचारात घेतला जात नाही. त्या आंधळ्यांपैकी कोणीही खोटे बोललेला नाही. पाय खरोखरच खांबासारखा असतो आणि कान सुपासारखा. त्यांच्या हाताने त्यांना फसविले नाही. चुकले ते इतकेच की हात जेथे पडला तेथेच थांबला. एक पाऊल सरकून शेजाऱ्याच्या जागी उभे राहावे, 'तुझ्या हाती काय लागले?' असे विचारावे, हे कोणास सुचले नाही. डोळे नसणे हे त्यांचे दैव म्हणता येईल. हात न सरकविणे हा मात्र अनभ्यास होय. आणि हा अनभ्यास डोळसांतही विपुल आढळतो, किंबहुना अधिक आढळतो, कारण आंधळ्यास निदान आपण आंधळे आहोत एवढे तरी माहीत असते.

अवधान न शिकलेल्या मनुष्याचे लक्षण काय? त्यास काही दिसत नाही असे नव्हे. त्यास थोडे दिसते आणि उरलेले तो आपल्या पूर्वग्रहाने भरून काढतो. भरलेला भाग कोणता आणि पाहिलेला कोणता, हे त्याचे त्यासच निवडता येत नाही. म्हणून त्यास 'काय पाहिलेस?' असे विचारले की तो आपले मत सांगू लागतो.

याच्या उलट उदाहरण म्हाइंभटांचे. सराळ्याचा हा विद्वान शास्त्रार्थात निपुण होता आणि त्या निपुणतेचा अभिमानही त्यास होता. अशा पंडितास सिद्धांत हवा असतो. स्वामी कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूस बसले होते, त्या वेळी जवळ कोण होते, कोणी काय आणून दिले, असल्या गोष्टी त्याच्या लेखी क्षुल्लक. तोच पुरुष श्रीनागदेवाचार्यांना अनुसरल्यावर, श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर, ऋद्धिपुरी वाजेश्वरीत भटोबासांना एकेक लीळा विचारीत बसला, आणि ज्या लीळेच्या प्रसंगी भटोबास स्वतः नव्हते ती जाणून घेण्यासाठी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडे गेला. लीळाचरित्राच्या एकांकात, पूर्वार्धात आणि उत्तरार्धात जे बारकावे आढळतात ते या विचारण्याचे फळ आहे. पांडित्य टाकल्याने हे साधले असे कोणी म्हणेल. ते तितकेसे बरोबर नाही. त्याचे पांडित्य गेले नाही, त्याने प्रश्न बदलला.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एकाच प्रसंगी हजर असलेल्या दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर पंथाच्या पूर्वजांनी एक पुसून दुसरी ठेवली नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धाडीत मूळ पोथी नष्ट झाल्याचे परंपरा सांगते. पुढे हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, तेव्हाही निरनिराळ्या पाठांची नोंद 'वासना' म्हणून ज्याच्या त्याच्या नावासह राहिली. वाचकास हा घोटाळा वाटतो. वस्तुतः हत्तीजवळच्या मंडळींनी जे केले नाही ते येथे घडले आहे : कोणाचा हात कोठे होता, हे लिहून ठेवले गेले.

हे सर्व ग्रंथनिष्ठेपुरते असते तर विद्वानांवर सोपवून भागले असते. पण नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण हा साधकाचा नित्यविधी आहे. नामाचे स्मरण अनवधानानेही ओठांवर राहते. चेष्टेचे राहत नाही. चेष्टा म्हणजे स्वामींचे बसणे, उठणे, पाहणे, हात उचलणे. ती कोणीतरी त्या क्षणी टिपली म्हणून आज स्मरता येते. जवळचे परिवारजन त्या वेळी आपल्याच विचारात गुंग असते तर सात शतकांनंतरच्या साधकास स्मरावयास काय उरले असते? आणि त्यांनी टिपलेले आज वाचणारा गुंग असेल, तर परिणाम तोच. वर्षानुवर्षे पारायण करणारा एखादा वासनिक लीळेचे तात्पर्य तत्काळ सांगतो. त्याच लीळेत पहिला प्रश्न कोणी केला असे विचारता अडखळतो.

अर्थात इंद्रियांच्या सावधपणाने ज्ञान होते असा याचा अर्थ नाही. जीव अनादि अविद्यायुक्त आहे आणि ज्ञान देणे हे परमेश्वराधीन आहे. बाइसा, महदाइसा यांनी स्वामींना पाहिले ते त्यांच्या कृपेने. तथापि पाहिलेले जपणे, विचारणे, पुन्हा सांगणे हे जीवाकडे राहते, आणि महदाइसेचे सततचे प्रश्न वाचले म्हणजे ते तिने किती हौसेने पत्करले होते हे दिसते.

अभ्यासास प्रारंभ करणाऱ्याने लीळा वाचून पोथी मिटावी आणि स्थळ कोणते, वेळ कोणती, जवळ कोण, प्रथम कोण बोलले, हे मनाशी सांगून पाहावे. मग पोथी उघडून ताडावे. पहिल्या काही दिवसांत चुका पुष्कळ निघतील, आणि त्या बहुधा एकाच जातीच्या असतील : जे लिहिलेलेच नाही ते आठवेल. स्थानवंदनास जाणाऱ्याने स्थानपोथी सोबत न्यावी. तीत देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, आवाराचे दार कोणीकडे, आसनाची जागा कोठे, हे दिशांसह सांगितले आहे. ओट्यावर मस्तक ठेवण्यापूर्वी तेथे उभे राहून पूर्व कोणती ते पाहावे. कित्येक ठिकाणी देऊळ पडले, दार बुजले. तरी दिशा तीच आहे.